दर वेळी 'येस' कशाला? भरवशाच्या एकाच प्रोग्रामला यूएसीतून सूट

नमस्कार! कॉम्प्युटरच्या भागांचं तापमान बघायला एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्राम उघडला, की स्क्रीन काळवंडते आणि मधोमध चौकट येते: 'डू यू वॉन्ट टू अलाउ धिस ॲप टू मेक चेंजेस टू युवर डिव्हाइस?' तुम्ही येस दाबता. उद्या पुन्हा तेच. हा प्रश्न विचारणारी विंडोजची सोय म्हणजे यूएसी, 'यूजर अकाउंट कंट्रोल'. मग कुणीतरी सुचवतं, सेटिंगमधली यूएसीची पट्टी तळाला ओढून टाक. तसं करू नका. त्या एकाच प्रोग्रामला सूट देता येते.

आधी हा प्रश्न येतो कुठून ते बघू. तुमचं खातं ॲडमिनचं असलं, तरी लॉगिन करताना विंडोज तुमच्या नावाने दोन ओळखपत्रं काढते: एक साधं, एक पूर्ण अधिकाराचं. रोजची कामं साध्यावर चालतात, दुसरं येस म्हटल्यावरच बाहेर येतं. 2007 मध्ये घरोघरी आलेल्या विंडोज व्हिस्टापासून हे चालू आहे. चार टप्प्यांची पट्टी 2009 च्या विंडोज 7 ची. ती तळाला नेलीत, की तुमच्या खात्यात चालणारा कुठलाही प्रोग्राम न विचारता पूर्ण अधिकार उचलू शकतो. आणि स्क्रीन काळवंडते ती उगाच नाही. त्या अवस्थेत दुसरा प्रोग्राम तुमच्या वतीने येस दाबू शकत नाही. म्हणून स्क्रीन न काळवंडणारा, वरून तिसरा टप्पाही मी निवडणार नाही.

[स्क्रीनवर: निळी आणि पिवळी चौकट शेजारी शेजारी]

सूट कुणाला द्यायची? चौकटीचा रंग बघा. निळा असेल तर डिजिटल सही तपासलेली आहे, 'व्हेरिफाइड पब्लिशर'समोर नाव दिसतं. पिवळा असेल तर तिथे 'अननोन'. पिवळा म्हणजे व्हायरसच असं नाही, बरेच छोटे मोफत प्रोग्राम सही नसलेले असतात. तरी सूट निळ्यालाच द्या.

दुसरी अट मी सगळ्यात महत्त्वाची मानतो. 'शो मोअर डीटेल्स' दाबा आणि फाइल कुठे आहे ते वाचा. ती सी ड्राइव्हच्या 'प्रोग्राम फाइल्स'मध्येच हवी. डाउनलोड्स किंवा डेस्कटॉपवरची फाइल साध्या ओळखपत्रावर चालणारा कुठलाही प्रोग्राम बदलू शकतो. मग त्याच नावाची भलतीच फाइल तुमच्या सवलतीवर चालेल, चौकटही येणार नाही. कमांड प्रॉम्प्ट, पॉवरशेल आणि ब्राउझरला तर कधीच सूट देऊ नका.

आता करू या. विंडोजमध्येच ठरवून दिलेली कामं चालवणारं 'टास्क शेड्युलर' असतं, त्यातून प्रोग्राम चालवायचा. स्टार्टमध्ये ते शोधा, राइट क्लिक, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. उजवीकडे 'क्रिएट टास्क' निवडा, 'क्रिएट बेसिक टास्क' नाही. नाव इंग्रजीत, एकाच शब्दात, स्पेस न देता. खाली 'रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस', म्हणजे पूर्ण अधिकारावर चालवा, यावर टिक करा, सगळी किमया तिथे आहे. 'ट्रिगर्स' रिकामं सोडा. 'ॲक्शन्स'मध्ये 'न्यू', मग 'ब्राउझ' करून प्रोग्रामची ईएक्सई फाइल निवडा. 'स्टार्ट इन'मध्ये फोल्डरचा पत्ता टाकला, तर अवतरणचिन्हं देऊ नका, त्यांच्यामुळे टास्क चालत नाही.

'कंडिशन्स' टॅब विसरू नका. 'स्टार्ट द टास्क ओन्ली इफ द कॉम्प्युटर इज ऑन एसी पॉवर' ही टिक काढा. ती राहिली, तर लॅपटॉप चार्जिंगला नसताना शॉर्टकट दाबूनही काही उघडत नाही आणि कारणही कळत नाही. 'सेटिंग्ज'मध्ये 3 दिवसांनी टास्क थांबवण्याची टिकही काढा, नाहीतर चालू ठेवलेला प्रोग्राम मध्येच बंद होईल.

[स्क्रीनवर: नवा शॉर्टकट, कमांड मोठ्या अक्षरात]

डेस्कटॉपवर राइट क्लिक, 'न्यू', 'शॉर्टकट'. पत्त्याच्या जागी लिहा: एस, सी, एच, टी, ए, एस, के, एस, स्पेस, स्लॅश रन, स्पेस, स्लॅश टी एन, स्पेस, आणि टास्कचं नाव. काळी खिडकी चमकून जाते ती टाळायला शॉर्टकटच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रन'समोर 'मिनिमाइज्ड' करा. 'चेंज आयकॉन'मधून मूळ चिन्हही लावता येतं. यापुढे प्रोग्राम याच शॉर्टकटवरून उघडायचा, जुन्या आयकॉनवर चौकट येतच राहील.

काही गोष्टी अडतील. मुलांचं खातं स्टँडर्ड, म्हणजे ॲडमिनचं नसलेलं, असेल, तर तिथे ही युक्ती चालत नाही. त्या खात्याकडे दुसरं ओळखपत्रच नसतं, ॲडमिनचा पासवर्ड टाकावाच लागतो. पूर्ण अधिकारावर चाललेल्या प्रोग्राममध्ये फाइल एक्सप्लोररमधून फाइल ओढून टाकता येत नाही, ती 'ओपन'मधून उघडा. आणि 'विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी' ही निळी खिडकी यूएसीची नाही, विंडोजच्या स्मार्टस्क्रीन या वेगळ्या तपासणीची आहे. ती इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलसाठी येते, या टास्कचा तिच्याशी संबंध नाही.

प्रोग्राम अनइन्स्टॉल केलात, तर टास्क आपोआप जात नाही. टास्क शेड्युलरच्या लायब्ररीत त्या नावावर राइट क्लिक करून 'डिलीट' करा.