‘डॅडी’च्या मागचं गिरणगाव

मुंबईत सातरस्त्याजवळची ही दगडी चाळ. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या ‘डॅडी’ चित्रपटातला टोळीवाला अरुण गवळी इथला. दिग्दर्शक असीम अहलुवालिया, गवळीच्या भूमिकेत अर्जुन रामपाल. त्याच्या मागावरचा पोलीस अधिकारी रंगवलाय आपल्या निशिकांत कामतनं. गोष्ट एकाच्या तोंडून येत नाही. ज्याला जेवढा गवळी ठाऊक, तेवढा तो सांगतो. रामपाल नट आहे, हे बघताबघता विसरायला होतं.

आम्ही मात्र कॅमेरा घेऊन थोडं पुढं आलो. गिरणीच्या या धुराड्याखाली.

इथला दिवस भोंग्यावर चालायचा. तीन पाळ्या. कोकणातून, साताऱ्याकडून आलेले गडी एकेका खोलीत दाटीवाटीनं राहायचे. एक पाळीवर गेला की त्याच्या जागी दुसरा पाठ टेकायचा. जेवण खानावळवाल्या बाईकडं. बदली कामगारानं रोज गेटवर जाऊन उभं राहायचं, काम निघालं तर निघालं. त्यात १९४६ चा कायदा. त्यानुसार गिरणी कामगारांच्या वतीनं बोलायचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडं. त्या संघावर भरवसा उरला नाही, तेव्हा कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांकडं गिरणीवाले गेले. मागण्या तीन. पगारवाढ द्या, बदलीवाल्यांना कायम करा, तो कायदा रद्द करा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसं बाहेर पडली. हा संप आजपर्यंत कुणी रीतसर मागं घेतलेला नाही.

गवळीचे वडील गिरणी कामगार. रामा नाईक, बाबू रेशीम आणि गवळी यांची टोळी संपाच्या आधीची, तेव्हा सगळं खापर संपावर फोडता येणार नाही. पण घरोघरचा पगार थांबला, बायकांचे दागिने गहाण पडले, आणि नाक्यावरच्या पोरांना हाताशी धरणारं टोळीवाल्यांशिवाय फारसं कुणी उरलं नाही. ‘डॅडी’ बघताना ही पोरं नजरेआड होऊ नयेत, एवढंच आमचं मागणं आहे.

बाबू रेशीमला १९८७ मध्ये कोठडीत मारलं. नाईक पुढच्याच वर्षी पोलीस चकमकीत गेला. गवळी २००४ मध्ये आमदार झाला. २००७ मध्ये नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांचा राहत्या घरी खून झाला. त्या गुन्ह्यात २०१२ मध्ये गवळीला जन्मठेप झाली.

आणि ही लोअर परळची फिनिक्स. तेव्हाची गिरणी, आताचा मॉल. समोर उभे असलेले हे काका साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. संपात घर कसं चाललं, ते त्यांच्याच तोंडून ऐका.