मायचे शेक आणि तुळशीचा काढा

सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल तालुक्यात आमचं घर. मागे केळीबाग, पुढे अंगण, अंगणात तुळस. मायला घशाचा कॅन्सर निघाला आणि शेक सुरू झाले. रेडिएशनला आमच्याकडे शेकच म्हणतात. रोज जळगावची खेप. तिसऱ्या आठवड्यात मानेची कातडी काळवंडली, मग सोलवटली. लुगड्याचा पदर लागला तरी माय दचकायची. गल्लीतल्या बायका रोज काहीतरी घेऊन यायच्या. हळदीचं दूध, आवळा, गुळवेल. घरात तुळशीचा काढा उकळायचा.

किरण शरीरात शिरले की पेशीतल्या पाण्याचे रेणू फुटतात. त्यातून सुटलेले कण डीएनए तोडतात. काही वनस्पतींमधली द्रव्यं हे कण टिपून घेतात. मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजात पी. उमा देवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुळशीच्या पानांतल्या ओरिएंटिन आणि व्हायसेनिन या दोन द्रव्यांवर काम केलं. किरण देण्याच्या अर्धा तास आधी ती टोचली, तर जीवघेण्या मात्रेतूनही बरेच उंदीर वाचले.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला. पण दोन शब्द मी घाईत ओलांडले होते: 'आधी' आणि 'टोचली'. माय काढा पीत होती, तोही शेक घेऊन घरी आल्यावर.

हळदीचं तर माणसांवरच तपासून झालंय. स्तनाच्या कॅन्सरच्या 30 रुग्णांच्या एका अमेरिकन अभ्यासात, 2013 साली, रोज 6 ग्रॅम कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, घेणाऱ्यांची कातडी किरणांनी कमी भाजली. पुढे 2018 मध्ये 686 रुग्णांचा मोठा अभ्यास आला, त्यात तो फायदा दिसला नाही. शिवाय हळदीत कर्क्युमिन असतं जेमतेम तीनेक टक्के. म्हणजे 6 ग्रॅमसाठी रोज 200 ग्रॅम हळद खायची!

शेवटी काढ्याची गोष्ट मी डॉक्टरांच्या कानावर घातली. ते मायकडे वळून म्हणाले, "मावशी, जे निरोगी पेशीला किरणांपासून वाचवेल, ते गाठीलाही वाचवू शकतं. शेक संपेपर्यंत काढा नको. भाजीतली हळद राहू द्या."

काढ्याचं पातेलं त्याच संध्याकाळी पालथं पडलं. तुळशीला पाणी घालणं मात्र मायनं एक दिवसही चुकवलं नाही. पहाटे उठायची, मानेला लागू नये म्हणून पदर कमरेला खोचायची, आणि तांब्या घेऊन अंगणात उतरायची.