एकाच भट्टीतला घण

तुमच्यापैकी काही जणांनी आपापल्या कादंबऱ्यांची प्रकरणं मला वाचायला दिली होती. वाफेवर चालणारी शहरं, पितळी चक्रं, मंत्राने उडणारी जहाजं, शेवटी राजवाड्यावर चाल. मन लावून लिहिलंय, आणि मी ते तितक्याच आवडीने वाचलं. पण एक गोष्ट सलली. एवढी यंत्रं आहेत, आणि त्यांच्यापाशी उभं राहून कुणाची पाठ दुखत नाही.

म्हणून आज 1812 सालच्या इंग्लंडमधल्या यॉर्कशरला जाऊ. तिथे लोकरीचं कापड विणून झालं की त्यावरची लव उभी करून कातरायची असे. हे काम करणारे ते क्रॉपर. त्यांची कातर चार फूट लांब, वजनाला अठरा-वीस किलो. ती चालवून चालवून मनगटावर खुरासारखा घट्टा पडायचा. नाव विचारायची गरज नसे, घट्टा पाहून क्रॉपर ओळखू यायचा.

मग त्याच कातरी चौकटीत बसवून पाण्याच्या चाकावर चालवायचं यंत्र आलं. घट्टा असलेले हात घरी बसले. मार्सडन गावचे इनॉक आणि जेम्स टेलर हे लोहार ती यंत्रं बनवत. आणि रात्री गिरणीत शिरून बंडखोर क्रॉपर ज्या घणाने ती फोडत, तोही त्यांच्याच भट्टीतला. घणाचं नावच पडलं इनॉक. ‘इनॉकने घडवलं, इनॉकच फोडेल’, असं ते म्हणत. या लोकांना अडाणी, यंत्रद्वेष्टे म्हणतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. लोखंडाशी त्यांचं वैर नव्हतं. आयुष्यभर ते लोखंडच तर चालवत आले होते.

आता जादू. त्यांचा सेनापती नेड लड. त्याला कधी कुणी पाहिलं नाही, कारण तो नव्हताच! पण त्याच्या सहीची पत्रं मालकांच्या हाती पडत, आणि काहींवर पत्ता असे रॉबिन हूडच्या शेरवुड जंगलाचा. नसलेल्या माणसाच्या बंदोबस्तासाठी सरकारने हजारो सैनिक उतरवले. यंत्र फोडणाऱ्याला फाशी देणारा कायदा आला. त्याच्याविरुद्ध ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहात बोलायला उभा राहिला कवी बायरन. पुढे त्याच्याच मुलीने, एडाने, 1843 मध्ये गणितज्ञ चार्ल्स बॅबेजच्या गणनयंत्रावर टिपणं लिहिली. ते यंत्र चालणार होतं नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागासारख्या भोकं पाडलेल्या पत्त्यांवर. बापलेकीची ही जोडी कादंबरीत घातली असती तर जुळवून आणलीय म्हणाला असता.

एप्रिल 1812 मध्ये रॉफोल्ड्सच्या गिरणीवर शंभराहून जास्त माणसं चालून गेली. आतून गोळ्या सुटल्या. एकोणीस वर्षांच्या जॉन बूथचा पाय चिंधड्या झाला. तो मरत असताना एक धर्मगुरू साथीदारांची नावं काढून घ्यायला त्याच्या उशाशी बसला होता, असं सांगतात. बूथने विचारलं, ‘गुपित राखाल?’ धर्मगुरू पुढे झुकला, म्हणाला, ‘हो.’ ‘मग मीही राखू शकतो,’ एवढं बोलून त्याने डोळे मिटले. तुमच्या नायकाचं वय जवळपास एवढंच आहे. त्याला लढाईत चमकवण्याआधी या खाटेपाशी थोडं बसा.

माझे वडील मुंबईच्या गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. खंडेनवमीला साच्यांना झेंडूचे हार आणि हळदकुंकू. त्या दिवशी ते साच्याला हात लावायचे ते देवाला लावावा तसा. 1982 च्या जानेवारीत संप सुरू झाला, गिरण्या बंद पडल्या आणि त्या वर्षीची खंडेनवमी आली. तुटलेली तार, म्हणजे सूत, मागाच्या फणीतून ओढून घ्यायचा एक छोटा हूक त्यांच्या खिशात असायचा. आईने देवापुढे पाट मांडला. वडिलांनी तो हूक खिशातून काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पाटावर ठेवला आणि त्याला हळदकुंकू वाहिलं.