खाडा आणि गाठ

पत्रिकेवर विषय छापलाय, 'ऊसतोड महिला आणि स्तनांच्या कर्करोगाची तपासणी'. त्यावर येतेच. पण आधी त्या बाईचं सांगते, तिच्याशिवाय मला हा विषय मांडताच येत नाही.

मी तेव्हा वाळवा तालुक्यात आरोग्यसेविका होते. तपासणी शिबिर सकाळी दहाला, केंद्रात. बीडकडची बंजारा टोळी फडाला आलेली, त्यातली एकही बाई फिरकली नाही. नोंदवहीत वरून सांगून शेरा लिहून घेतला: 'महिला उदासीन'. अहो, पहाटे चारला फडात गेलेली बाई दहाला रांगेत कुठून उभी राहील? तो शेरा माझ्या अक्षरात आहे, आणि तो मला आजही बोचतो.

संध्याकाळी कोपीवर, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपडीवर गेले. पन्नाशीची बाई चुलीपुढं भाकरी थापत होती. म्हणाली, "खाडा झाला तर मुकादम नवराबायको दोघांचे पैसे कापतो, नर्सबाई. आन दुखत तर काहीच न्हाई." वाढ्याची, म्हणजे उसाच्या शेंड्यांची मोळी उचलताना छातीत काहीतरी हाताला लागत होतं, दिवाळीपासून. सुनेनं दाराला चादर लावली. अंगात आरशांची कांचळी, पाठीवर नाड्या. घामानं गाठी घट्ट बसलेल्या, सुटता सुटेनात. सून मोबाइलचा उजेड धरून म्हणत होती, "याडी, हालू नको." लिंबाएवढी गाठ होती. दगडासारखी. हलत नव्हती.

चिठ्ठी दिली, मुकादमाशी भांडले. जिल्ह्याच्या दवाखान्यात जायचं ठरलं आणि त्याच आठवड्यात टोळी दुसऱ्या गटात, म्हणजे दुसऱ्या गावांकडच्या फडावर हलली. कागद माझ्याकडं राहिले, बाई गेली. तिचं पुढं काय झालं, मला आजवर कळलं नाही.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय, तेव्हा भराभर सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांत स्तनांची तपासणी कधी झालेली एकसुद्धा भरत नाही, ०.९ टक्के. हा सगळ्या देशाचा आकडा, मग तांड्यावरचा काय असेल! यंत्र लागतं असं म्हणू नका. टाटा रुग्णालयानं १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख बायकांवर अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी नुसत्या हातानं तपासलं. गाठी लवकरच्या अवस्थेत सापडल्या, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

म्हणजे हात कोपीवर जायला हवेत, संध्याकाळी, जमलं तर गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलणाऱ्या बाईला सोबत घेऊन. तपासणीचा कागद बाईच्या पिशवीत हवा, आमच्या कपाटात नको. आणि दवाखान्याच्या दिवसाचा खाडा धरायचा नाही.

इथं निम्मे लोक कारखान्याचे सभासद आहात. गळीत सुरू व्हायच्या आधी सभा होते. तिथं हात वर करा आणि या खाड्याचं तेवढं विचारा.