सुख ज्याचं त्यानं मोजावं

(सोलापुरातील एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. उन्हाळ्याच्या दिवसांत, दुपारभर तापलेल्या गावातून तुम्ही संध्याकाळी इथवर आलात, त्याबद्दल मनापासून आभार.

कठीण काळात कृतज्ञ राहण्यावर कुणी बोलायला लागलं की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो: या बाईंच्या घरी कधी आजारपण होतं का? तर होतं. माझ्या सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि पुढे बराच काळ आमचं सगळं घर एका पलंगाभोवती फिरत राहिलं. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. आज जे सांगणार आहे त्यातलं थोडं वाचलेलं आहे, बाकीचं त्या पलंगाशी उभं राहून कळलेलं.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. नाहीतर माकडहाडाला, टाचांना जखमा होतात आणि त्या लवकर भरत नाहीत. अंगाखाली एक सुरकुती राहिली तरी तिथली कातडी लाल होते. म्हणून रात्री-बेरात्री उठून अंथरुणावरून हात फिरवायचा, सुरकुती ओढून काढायची. अंगावर आत्याबाईंची जुनी सोलापुरी चादर असायची, धुऊन धुऊन मऊ झालेली. तिच्या दश्या त्या डाव्या हाताच्या बोटांनी सारख्या चाळत राहायच्या. मन कुठं होतं कुणास ठाऊक, बोटं मात्र तिथं असायची.

खाण्याचे तर फार हाल. नुसत्या पाण्याचाही ठसका लागायचा, म्हणून सगळं दाटसर करून द्यायचं. ज्वारीच्या पिठाची पेज मी चमच्या-चमच्यानं भरवायची, प्रत्येक घास खाली उतरला का ते गळ्याकडे बघून ठरवायचं. एका सकाळी दुसऱ्या चमच्याला आत्याबाईंनी तोंड वाकडं केलं. मला वाटलं, आता उलटी होणार. त्यांनी ओठ जुळवले, सोडले, परत जुळवले आणि म्हणाल्या, "मीठ."

झटका आल्यापासूनचा हा पहिला स्पष्ट शब्द. पेजेत मीठ घालायचं राहिलं होतं. मी आत गेले, ओट्याला टेकून रडले, चिमूटभर मीठ आणलं, कालवलं, आणि आत्याबाईंनी वाटी संपवली. त्या दिवशी औषधांचं बिल कमी झालं नव्हतं, पाय हलला नव्हता, रात्रीचं जागरणही टळलं नव्हतं. तरीही घरातलं प्रत्येक माणूस दिवसभर एकमेकांना सांगत होतं, "आत्याबाईंनी मीठ मागितलं."

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. त्या आनंदानं दुःख हटलं नाही, हटवायचंही नव्हतं. दोन्ही एकाच खोलीत राहिली. कृतज्ञतेबद्दल आपल्याला असं सांगतात की ती आली की दुःख पळतं. असं होत नाही, आणि झालं नाही की माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. आजारपण एकीकडे आणि हा अपराधीपणा दुसरीकडे.

विज्ञान याबद्दल काय सांगतं तेही बघू. २००३ साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्‌कलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा, आभार मानावेसे वाटतील अशा पाच गोष्टी लिहायच्या. काहींनी डोक्याला ताप देणाऱ्या गोष्टी लिहायच्या, तर उरलेल्यांनी जे घडलं ते साधं लिहायचं. आभाराच्या गोष्टी लिहिणाऱ्यांना एकूण आयुष्य अधिक बरं वाटत होतं. याच अभ्यासात मज्जातंतू आणि स्नायूंचे आजार असलेल्यांनीही २१ दिवस रोज नोंदी ठेवल्या, आणि कृतज्ञतेच्या गटातल्यांना झोप बरी लागल्याचं दिसलं. आजार होता तिथंच होता, हे लक्षात घ्या. पुढे अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२० साली आला. त्यात नैराश्य आणि चिंतेवर फरक पडतो, पण थोडासाच, असं दिसलं. म्हणून हे औषध म्हणून घेऊ नका. दिवसचे दिवस झोप नाही, जेवण जात नाही, जगावंसं वाटत नाही असं असेल तर डॉक्टरांकडे जा, किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. त्यात काही कमीपणा नाही.

मी वही केली नाही. रुग्णाच्या घरात वही उघडायला वेळ कुणाला असतो? दुधाचा खाडा आपण कॅलेंडरवर लिहितो ना, त्याच चौकोनात एखादा शब्द लिहायला लागले. 'मीठ' त्यातच आहे. कधी 'एक तास झोप', कधी 'नळ पहाटे'. माढा तालुक्यातल्या अरणचे सावता महाराज मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, मळ्यातच त्यांना विठ्ठल दिसला, असं आपली परंपरा सांगते. हात कामात असताना जे दिसतं तेच आपल्यासारख्यांच्या वाट्याला येतं.

'नळ पहाटे' म्हणजे काय ते सोलापूरकरांना समजावायला नको. पाण्याचा दिवस ठरलेला, वेळेचा भरवसा नाही. आधी नळ नुसता फुसफुसतो, मग गढूळ चूळ टाकतो, मग धार लागते. घरात रुग्ण असला की कपडे-चादरी किती निघतात! त्या दिवसांत धार लागली की मी पहिला तांब्या भरून तोंडावर मारायची आणि खरोखर हात जोडायची. उजनी धरणाहून शंभर किलोमीटरच्या वर प्रवास करून आलेलं ते पाणी, आणि रात्री कधीतरी येऊन आमच्या गल्लीची चावी फिरवून गेलेला चावीवाला. त्याचा चेहरा मी पाहिला नव्हता. एकदा मुद्दाम जागी राहिले आणि त्याला चहा दिला.

आणि 'एक तास झोप'? ती शेजारच्या अक्कांची देणगी. तेलुगू बोलणाऱ्या, घरी विड्या वळणाऱ्या. दुपारी त्या आमच्या दारात, तंबाखूचा वास आत येऊ नये म्हणून उंबऱ्याबाहेर, मांडीवर सूप घेऊन बसायच्या. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. नजर अधूनमधून पलंगाकडे. "तू झोप गं, मी आहे." त्यांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं. मान वर करून बघण्यात त्यांचे किती पैसे बुडत असतील? विचारलं तर त्या रागवायच्या.

अक्कांकडून घेतलेल्या त्या तासामुळेच मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. स्वतःच्या सुखाची मोजदाद स्वतः करणं वेगळं आणि दुसऱ्याला "आहे त्यात समाधान मान" म्हणणं वेगळं. पहिल्यानं बळ येतं, दुसऱ्यानं तोंड बंद होतं. हजार विड्यांना मिळते त्या मजुरीत अक्कांनी कृतज्ञ राहावं, असं म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. सोलापूरच्या विडी कामगार बायका तशा राहिल्या नाहीत म्हणून तर सोलापूरजवळच्या कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरं उभी राहिली. त्याच बायका लेकीच्या ओटीत तांदूळ घालताना, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नातवाला पाळण्यात बसवताना मनापासून हसतात. मागणंही खरं आणि हसणंही खरं.

मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवा. दुष्काळात दारात भुकेली माणसं आली तेव्हा पंतांनी त्यांना संतोषाचं महत्त्व सांगितलं नाही. सरकारी धान्याची कोठारं उघडली. आपल्या जिल्ह्याची शिकवण ही आहे, आणि मला तिचा अभिमान वाटतो.

चिठ्ठ्या बऱ्याच आल्या आहेत, वेळेअभावी एकच घेते. एका ताईंनी लिहिलंय: "माझ्या धाकट्या बहिणीची केमोथेरपी सुरू आहे. तिला रोज चांगल्या गोष्टी लिहायला सांगू का?"

ताई, तिनं विचारलं तर सांगा, एरवी नको. तिच्याकडे पाणी कोणत्या दिवशी येतं ते विचारा आणि त्या दिवशी भरायला जा. मुलांचा डबा करून द्या. या उपचारात तोंडाची चव बदलते, काल आवडलेली शेंगाचटणी आज नकोशी होते. तिनं ताट सरकवलं तर वाईट वाटून घेऊ नका, दुसरं काय चालेल ते विचारा. आणि कधी ती आपणहून म्हणाली, "ताई, आज वरणभात गोड लागला," तर तिथंच थांबा. "बघ, मी म्हणत होते ना" असं त्याला जोडू नका. आणखी थोडा वाढू का, एवढंच विचारा.