एकास बहात्तर

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा उंच असतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. शेजारी तोफ असते, ती गवळणीच्या घागरीत मावेल एवढी. पायथ्याशी वाघ बसलेला, तो थेट तटाच्या उंचीचा. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, आणि किल्ल्याची मजाही त्याने तसूभर कमी होत नाही. पण आज मी ज्या मंडळींबद्दल बोलणार आहे, त्यांना हा किल्ला दाखवलात तर ती आधी खिशातून पट्टी काढतील. मावळा सात सेंटिमीटरचा, खरा माणूस साडेपाच फुटांचा, म्हणजे प्रमाण साधारण एकास चोवीस. आता खरा बुरूज वीस मीटर उंच असेल, तर तुमच्या अंगणातला बुरूज ऐंशी सेंटिमीटरच्या वर गेला पाहिजे. आणा माती!

याला स्केल मॉडेलिंग म्हणतात. विमान, रणगाडा, जहाज, मोटार, रेल्वे, काहीही घ्यायचं आणि ते लहान करायचं, पण सगळं सारख्याच पटीने लहान करायचं. किटच्या खोक्यात प्लॅस्टिकच्या चौकटींना लगडलेले सुटे भाग येतात. ते निपरने तोडायचे, कानशीने आणि पॉलिश पेपरने साफ करायचे, चिकटवायचे, फटींत लांबी भरायची, रंगवायचे. बाहेरून बघणाऱ्याला हा अगदी एकलकोंडा उद्योग वाटतो. रात्री अकरानंतर दिव्याखाली मान मोडून बसलेला माणूस, हातात चिमटा, आणि आतल्या खोलीतून एकच प्रश्न, "झालं का तुझं?" काम एकट्याने करायचं हे खरं. पण खोक्यावर छापलेला तो आकडा एकट्याने ठरवता येत नाही. एकास बहात्तर, एकास पस्तीस, एकास सातशे, हे माणसांनी आपसात केलेले करार आहेत. ते कसे झाले, त्याच्या गोष्टी मोठ्या गमतीच्या आहेत.

एकास बहात्तर घ्या. यात एक इंच म्हणजे सहा फूट, म्हणजे सहा फुटी वैमानिक बरोबर एक इंचाचा होतो. इंच-फुटांत विचार करणाऱ्या इंग्रजांना हा हिशेब सोयीचा होता. १९३० च्या दशकात तिथे या मापाची लाकडी विमानं निघाली आणि १९३६ मध्ये फ्रॉग या कंपनीने त्याच मापात प्लॅस्टिकची किट आणली. या कंपनीची आधीची विमानं खरोखर उडायची. ही नवी उडणारी नव्हती, म्हणून त्यांचं नाव ठेवलं पेंग्विन.

मग युद्ध आलं. आकाशात दिसणारं विमान आपलं की शत्रूचं, हे तोफचीला क्षणात ओळखता आलं पाहिजे. त्यासाठी १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांना लाकडी विमानं बनवून द्यायला सांगितलं. किती? पाच लाख! माप तेच, एकास बहात्तर, आणि रंग नुसता काळा, कारण ओळखायचा होता तो बाह्याकार. हे मॉडेल पस्तीस फुटांवर धरलं की डोळ्याला ते २५२० फुटांवरच्या, म्हणजे जवळपास अर्ध्या मैलावरच्या, खऱ्या विमानाएवढं दिसतं. सुतारकामाच्या तासाला मुलांनी तासलेल्या लाकडावर सैनिकांची नजर तयार होत होती. पाच लाखांतलं प्रत्येक विमान एकाच मापाचं असणं इथे सक्तीचं होतं, नाहीतर अंतराचा हिशेबच कोलमडला असता.

युद्धानंतर एअरफिक्स आली. निकोलस कोव्ह या हंगेरियन निर्वासिताने १९३९ मध्ये इंग्लंडमध्ये ही कंपनी काढली. आधी रबरी फुगवायची खेळणी आणि मग कंगवे करायची. १९४९ मध्ये तिने फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांसाठी प्लॅस्टिकचा छोटा ट्रॅक्टर बनवला. तो जोडणं इतकं किचकट होतं की पुढे तो सुट्या भागांतच विकायला काढला. माझ्या मते किटच्या इतिहासातला हा सर्वांत व्यवहारी निर्णय. १९५२ मध्ये दोन शिलिंगांना 'गोल्डन हाइंड' जहाज आलं आणि १९५३ मध्ये एकास बहात्तर मापाचं स्पिटफायर हे लढाऊ विमान. ते स्पिटफायर फारसं अचूक नव्हतं. पण पोराच्या खाऊच्या पैशांत येत होतं, आणि एक घरात आलं की शेजारी ठेवायला त्याच मापाचं दुसरं हवंच. आकडा असा रुजला.

रणगाड्यांच्या एकास पस्तीसमागे मात्र कुठलाच सोयीचा हिशेब नाही. जपानमधल्या शिझुओका शहरात टामिया नावाची कंपनी आहे. मुळात ती लाकडाची वखार, मग लाकडी खेळणी, मग प्लॅस्टिक. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी जर्मन पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं किट केलं. आत मोटर, गिअर आणि दोन बॅटऱ्या बसल्या पाहिजेत, एवढ्या बेताने त्याचा आकार ठरला. नंतर प्रमाण मोजलं तेव्हा ते निघालं साधारण एकास पस्तीस. किट तडाखेबंद खपलं, पुढचे रणगाडे त्याच मापात निघाले, सैनिकही त्याच मापाचे आले, आणि बाकीच्या कंपन्यांना त्याच मापाच्या मागे जावंच लागलं. आज जगभर एकास पस्तीसमध्ये रणगाडे करणारी जी माणसं आहेत, ती दोन बॅटऱ्यांची लांबी पाळतायत! पुढे याच कंपनीचे शुन्साकू टामिया इतके काटेकोर झाले की एका मोटारीच्या किटसाठी त्यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि पुरती खोलून मोजली.

शिझुओकाचीच आणखी एक गोष्ट मला फार आवडते. टामिया, आओशिमा, हासेगावा आणि फुजिमी या चारही कंपन्या त्याच परिसरातल्या, एकमेकींच्या कट्टर स्पर्धक. १९७१ मध्ये त्या एकत्र बसल्या आणि दुसऱ्या महायुद्धातली जपानी जहाजं त्यांनी आपसात वाटून घेतली. हे जहाज तू कर, ते मी करतो, दोघांनी एकच करायचं नाही. प्रमाण सगळ्यांचं एकास सातशे आणि जहाज फक्त पाण्याच्या रेषेपासून वरचं, तळ सपाट, म्हणजे टेबलावर ठेवलं की तरंगतंय असं वाटावं. यामातो ही महाकाय युद्धनौका या मापात साडेसदतीस सेंटिमीटरची होते आणि तिच्यासोबतची विनाशिका साधारण सतराची. चार वेगळ्या कारखान्यांतून आलेली खोकी, पण फडताळावर एकच आरमार उभं राहतं. फुजिमी १९९२ मध्ये या मांडवातून बाहेर पडली. तरी वीस वर्षं प्रतिस्पर्ध्यांनी एका आकड्याला बांधून घेणं ही साधी गोष्ट नाही. आपल्याकडे दोन शेजारी सोसायट्यांना गणपतीच्या मिरवणुकीची वेळ वाटून घेताना काय होतं, ते आठवून बघा.

त्याच शहरात दर मे महिन्यात हॉबी शो भरतो. कंपन्यांची नवी किट एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला ठिकठिकाणच्या क्लबांची टेबलं. आपापली मॉडेल्स डब्यांत, फोममध्ये रुतवून, जीव मुठीत धरून आणायची आणि मांडायची. इंग्लंडमध्येही या छंदवाल्यांची संघटना १९६३ पासून आहे, तिचा मोठा मेळा नोव्हेंबरमध्ये टेलफर्डला असतो. अशा टेबलांजवळ अनोळखी माणसं एकमेकांना नाव विचारत नाहीत, आधी विचारतात, "रंग कुठला वापरलात?"

आणि जे कधी अस्तित्वातच नव्हतं त्याचंही प्रमाण असतं बरं का! १९८० च्या जुलैमध्ये बांदाई या जपानी कंपनीने गुंडाम या कार्टूनमधल्या यंत्रमानवाचं किट तीनशे येनना काढलं, मापात एकास एकशे चव्वेचाळीस. यंत्रमानव अठरा मीटरचा, म्हणून मॉडेल साडेबारा सेंटिमीटरचं. कुणी पाहिलाय तो अठरा मीटरचा? पुढे २००९ मध्ये टोकियोत तो खरोखर अठरा मीटरचा उभा केला. मॉडेल आधी, मूळ वस्तू नंतर.

आता थोडं आतलं सांगतो. प्रमाण पूर्ण पाळता येत नाही, हे प्रत्येक मॉडेलवाल्याला ठाऊक असतं. एकास बहात्तरमध्ये एक मिलिमीटर जाडीचं प्लॅस्टिक म्हणजे खऱ्या विमानावर सात सेंटिमीटरहून जाड पत्रा. पंखावरची पत्र्यांच्या सांध्याची रेघ समजा ०.२ मिलिमीटरची कोरली, तरी खऱ्या विमानात तिथे दीड सेंटिमीटरची फट झाली! एकास सातशेमध्ये जहाजाचा मीटरभर उंचीचा कठडा दीड मिलिमीटरहूनही कमी भरतो, म्हणून पितळेच्या पातळ पत्र्यात आम्लाने कोरलेले कठडे वेगळे विकत घ्यावे लागतात. रंगाचंही तसंच. लांबची काळी वस्तू करडी दिसते, म्हणून काळ्यात थोडा पांढरा मिसळायचा. खोटं करायचंच, पण डोळ्याला खरं वाटेल असं.

रेल्वेवाल्यांची अडचण तर खास आपली आहे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून. पाहिलं नसेल तर पाहा. तिथल्या गाड्यांचं माप एचओ, म्हणजे एकास सत्त्याऐंशी, आणि रूळ साडेसोळा मिलिमीटरचा. तो रूळ युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा, बरोबर सत्त्याऐंशीवा भाग आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. कुणी एचओ मापात डेक्कन क्वीन हौसेने घडवली, तर तिला सव्वाएकोणीस मिलिमीटरचा रूळ हवा. पण बाजारात सहज मिळतो साडेसोळाचाच. बहुतेक जण गाडी ब्रॉडगेजची आणि रूळ परका, अशी तडजोड करतात.

अशा तडजोडी ज्यांना खपत नाहीत, त्यांना छंदवाले चिडून रिव्हेट मोजणारे म्हणतात. तुम्ही महिनाभर खपून केलेल्या विमानाकडे हे गृहस्थ बघतात आणि म्हणतात, "अँटेना या मालिकेच्या विमानांना नव्हती." चहाला सोबत म्हणून ही माणसं जरा जडच जातात. पण मी त्यांच्या बाजूचा आहे. कुणीच मोजलं नसतं, तर कंपन्यांनी कधीचंच ढिसाळ काम सुरू केलं असतं.

नॅट विमानाचं बघा. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत आपल्या हवाई दलाने वापरलेलं हे छोटं लढाऊ विमान. श्रीनगरवर एकट्याने झुंज देणारे परमवीर चक्र विजेते निर्मलजित सिंग सेखों यांचं विमान हेच. एअरफिक्सने एकास बहात्तरमध्ये नॅट काढलं, पण ते ब्रिटिशांचं दोन आसनी प्रशिक्षण विमान. आपलं एक आसनी. तुम्ही म्हणाल, मागची खुर्ची काढून टाका! पण दोन आसनीचं अंग लांब आणि पंखही मोठे. त्यामुळे भारतीय नॅट हवं असणाऱ्याला करवत घेऊन अंग कापायचं, पंख छाटायचे, काचेचा घुमट नव्याने करायचा, एवढं सगळं आलं. पुढे स्पेशल हॉबी या चेक कंपनीने एक आसनी नॅट आणलं. मोजणाऱ्यांनी आग्रह धरला नसता, तर ते आलं असतं का, मला शंका आहे.

कुणाला सुरुवात करावीशी वाटत असेल, तर एका इंजिनाचं छोटं विमान घ्या, कमी भागांचं. यामातो लगेच नको, तिची अर्धवट खोकी पुष्कळ घरांत माळ्यावर आहेत. चौकटी आधी भांड्याच्या साबणाने धुऊन वाळवा, कारखान्यातला तेलकटपणा असतो, त्यावर रंग धरत नाही. चिकटवण्याआधी भाग कोरडेच जोडून बघा. सिमेंट, म्हणजे प्लॅस्टिक चिकटवायचा द्रव, थोडंच लावा. ते प्लॅस्टिक विरघळवून जोडतं, जास्त झालं की भागच वितळतो. खिडकी उघडी ठेवा. रंगाचे पातळ दोन-तीन हात द्या, एक जाड हात देऊ नका.

माप कुठलं घ्यावं, असं विचाराल तर आधी चौकशी करा. तुमच्या गावात, ओळखीत कुणी हे करत असेल तर त्याचाच आकडा घ्या. चिमट्यातून एखादं चाक उडणार, फरशीवर टणकन वाजणार आणि पुन्हा दिसणार नाही, प्रत्येकाचं होतं. जुन्या मॉडेलवाल्याकडे उरलेल्या भागांचा एक डबा असतो. त्यातलं चाक तुमच्या विमानाला बसायचं, तर दोघांचा आकडा एकच लागतो. नमस्कार.