पिकअपचं डिझेल जातं कुठे?

राम राम, श्रोतेहो.

रावेर-सावद्याची केळी वाहणारी पिकअप असो, की चोपड्याचा कापूस जिनिंगला नेणारी, तक्रार एकच असते: गाडी ॲव्हरेज देत नाही. मग कोणी टाकीत बाटलीतलं औषध ओततो, कोणी थेट नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारा भाग, काढायला देतो. दोन्ही घाईची कामं. आधी मोजा तरी.

टाकी फुल्ल करा. पंपाची बंदूक आपोआप बंद झाली की थांबा, वरून कोंबू नका. मीटरचा आकडा वहीत लिहा. पुढच्या वेळी त्याच पंपावर तशीच फुल्ल करा. 506 किलोमीटर चालून 46 लिटर बसलं, तर ॲव्हरेज 11. अशा तीन टाक्यांचा हिशोब एकत्र धरा, आणि माल भरलेला होता की गाडी रिकामी आली, तेही लिहा. महिन्याला 2500 किलोमीटर चालणारी गाडी 11 वरून 12 वर आली, तर 19 लिटर डिझेल वाचतं.

आता आपल्याकडचा सगळ्यात मोठा चोर: थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवून धरणारी झडप. मे महिन्यात गाडी हीट झाली की मिस्तरी तो काढून फेकतो. तापमानाचा काटा खाली येतो, मालक खूश होतो. पण इंजिन नीट तापतच नाही. थंड इंजिनाला जास्त डिझेल लागतं, जाड राहिलेलं ऑइल ओढून धरतं, आणि अर्धवट जळालेलं डिझेल त्या ऑइलमध्ये उतरतं. डिसेंबरच्या सकाळी अर्धा तास चालूनही काटा वर येत नसेल, तर थर्मोस्टॅट काढलेला आहे किंवा उघडा अडकला आहे असं समजा. कंपनीच्या मापाचा नवा बसवा. आणि गाडी मुळात हीट का होत होती ते पाहा. बहुतेकदा रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि कापसाचे तंतू दाटलेले असतात. इंजिन थंड असताना आतल्या बाजूने बाहेर, हलक्या धारेने पाणी मारा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा मारला तर पत्र्या वाकतात, मग हवाच जात नाही.

दुसरा चोर चाकात बसतो. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक न मारता दहा-बारा किलोमीटर चालवून थांबा आणि चारही चाकांच्या हबजवळ हात न्या. हात जवळ न्यायचा, लावायचा नाही. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरतोय. पुढे कॅलिपरच्या, म्हणजे डिस्क ब्रेक आवळणाऱ्या चिमट्याच्या, पिना सुकलेल्या असतात. मागे लायनर जास्त टाइट केलेले असतात, नाहीतर हँडब्रेकची केबल परत येत नसते. सपाट जागी, बाकीच्या चाकांना उटी लावून जॅकवर घ्या. चाक हाताने सहज फिरलं पाहिजे.

टायरमधली हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासा. किती पाउंड ते दरवाज्याजवळच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. भरलेल्या गाडीचा मागचा आकडा वेगळा असतो. दुपारी तापलेल्या टायरची हवा जास्त दिसते म्हणून सोडू नका. थंड झाल्यावर ती कमी भरेल.

शेतरस्त्याच्या धुळीत एअर फिल्टर पुस्तकातल्या मुदतीच्या आधीच भरतो. कागदी फिल्टर धुवायचा नाही, आपटायचा नाही. काळा धूर येतो, गाडी ओढत नाही आणि वर शिट्टी ऐकू येते, तेव्हा टर्बोपासून (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) इंटरकूलरपर्यंतचे (ती हवा थंड करणारी जाळी) पाइप आणि क्लिप तपासा. हवा वाटेत निसटत असेल तर नोझल बदलून काय होणार?

चालवण्याबद्दल फार सांगत नाही, तुम्ही जाणताच. साठच्या ऐवजी ऐंशीने गेलात तर हवेचा अडथळा पावणेदोनपट होतो, फडफडणारी ताडपत्री त्यात भर घालते. मात्र लळिंगचा किंवा कन्नडचा घाट न्यूट्रलमध्ये उतरणं हा वेडेपणा आहे. गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की कॉमन रेल इंजिनात, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या डिझेल इंजिनात, डिझेल जवळजवळ बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जातच राहतं, शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो.

एप्रिल 2020 नंतरच्या बीएस सहा गाड्यांना आणखी एक पथ्य आहे. माल भरेपर्यंत इंजिन चालू ठेवून उभं राहू नका. ज्या गाडीत धुराचा फिल्टर आहे, त्यात काजळी साठते, आणि ती जाळायला गाडी जास्तीचं डिझेल खर्च करते.

एवढं सगळं ठीक असूनही ॲव्हरेज आलं नाही, तरच नोझलवाल्याकडे जा. आधी रिटर्न टेस्ट करायला सांगा: प्रत्येक नोझलच्या परतीच्या नळीला एक बाटली, आणि सगळ्या बाटल्या साधारण सारख्या भरल्या पाहिजेत. एखादी फार लवकर भरली, तर तेवढंच नोझल काढून टेस्ट बेंचच्या मशीनवर तपासायला द्या. आणि जुनं नोझल परत मागून घ्यायला विसरू नका.